तीन खोल्यांतली तीन प्रकारची धूळ

आमच्या घरातली धूळ एकाच प्रकारची नाही हे कळलं, आणि तिथून पुढे ती खरोखर कमी होऊ लागली. हॉलमधली धूळ पांढुरकी आणि बोटाला खरखरीत लागणारी. बेडरूममधली राखाडी, मऊ, बोटाने ओढली तर तिची वळकटी होते. स्वयंपाकघरातली पिवळट आणि चिकट, नुसत्या फडक्याला दाद न देणारी. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

आम्ही राहतो चेंबूरच्या टिळकनगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. म्हाडाच्या या वसाहतीत जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे. एक संपतं तोवर दुसरीकडे पत्रे लागतात. आमच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडची इमारत पाडली गेली आणि पायाचं काम सुरू झालं, तेव्हा सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येऊ लागलं. माझी आई आमच्याकडेच असते, तिला जुना दमा आहे. त्याच सुमाराला लेकीला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू झाल्या. शाळेत निघेपर्यंत नाक लाल आणि डोळे चोळून चोळून सुजलेले.

डॉक्टरांनी लेकीची अ‍ॅलर्जीची चाचणी करायला सांगितली. हाताच्या आतल्या बाजूवर वेगवेगळ्या द्रावणांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून त्वचेला अगदी वरच्यावर टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. ज्याची अ‍ॅलर्जी, तिथे गांधीसारखी फुगवटी येते. लेकीच्या हातावर ती आली घरच्या धुळीतल्या माइट्सच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांच्या, थेंबाजवळ. डॉक्टर म्हणाले, "बांधकामाच्या धुळीने आजींना त्रास होत असणार. पण हिच्या शिंकांचं मूळ बहुधा गादी-उशीत आहे. दोन्हीकडे वेगवेगळं बघा."

वेगवेगळं बघायचं म्हणजे काय, हा विचार करता करता मी लेकीचा काळा कार्डपेपर कापून त्याचे चौकोन केले. एक टीव्हीच्या कपाटावर ठेवला, एक बेडरूमच्या कपाटावर, एक फ्रिजवर. कोणी पुसायचं नाही, हलवायचं नाही. आठवडाभराने ते शेजारी शेजारी ठेवून टॉर्च आणि भिंगातून पाहिले. हॉलच्या कागदावर बारीक पांढरी कणी. बेडरूमच्या कागदावर जवळपास सगळा धागा: सुती तंतू, केस, मधूनच लोकरीचा रंगीत तुकडा. आणि फ्रिजवरच्या कागदाला तेलकट डाग पडून त्यावर सगळं चिकटलेलं. ज्या कोणाला धुळीचा त्रास आहे त्यांनी हे एकदा करून बघावं असं मी मनापासून सांगेन. काहीही विकत आणण्याआधी करावं. खर्च शून्य, आणि पैसे कुठे घालायचे नाहीत हेही कळतं.

सुरुवात हॉलपासून केली, कारण ती धूळ बाहेरून येत होती आणि आत आल्यावर काढण्यापेक्षा दारात अडवणं सोपं. मुंबईत खिडक्या कायमच्या बंद ठेवता येत नाहीत. घाम, कोंदट हवा आणि पावसाळ्यात बुरशी. त्यामुळे प्रश्न उरला तो कुठली खिडकी कधी उघडायची हा. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेकडून. शिवाय थंडीतल्या सकाळी हवा जमिनीलगत अडकून राहते, वर जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर जवळच्या केंद्राचे आकडे मी रोज बघू लागले. सकाळचे आकडे चढे, दुपारनंतर वारा फिरला की उतरते. आमचं बांधकाम पूर्वेला. म्हणजे सकाळच्या वाऱ्यावर त्याची धूळ थेट आमच्या हॉलमध्ये, आणि दुपारच्या वाऱ्यावर ती आमच्यापासून लांब. त्यामुळे पूर्वेच्या खिडक्या सकाळी बंद. पश्चिमेकडची गॅलरी दुपारी उघडायची आणि संध्याकाळी वारा पडला की लावून घ्यायची. आईला पहाटे खिडकी उघडायची आयुष्यभराची सवय. तिला कारण समजावलं तर म्हणाली, "अगं, मग दुपारी मीच उघडत जाईन, मी घरीच असते." तेव्हापासून हे खातं तिच्याकडे आहे.

तरीही हॉलमध्ये कणी येतच होती. ती कुठून येते हे उदबत्तीने सापडलं. सगळ्या खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला आणि पेटलेली उदबत्ती खिडक्यांच्या कडेने फिरवली. स्लायडिंगच्या दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर सरळ आत ओढला जात होता, मुख्य दाराच्या फटीतही तेच. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि सगळं बंद असेल तर ती फटींतून, धूळ घेऊनच येते. म्हणून आता एक्झॉस्ट लावताना पश्चिमेची खिडकी चार बोटं उघडतो. फटींतून खेचणं थांबलं. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं काम करणाऱ्याला बोलावून स्लायडिंगच्या कडेची झिजलेली केसाळ पट्टी बदलून घेतली. या पट्ट्या काही वर्षांत भुईसपाट होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दाराच्या खाली ब्रशची पट्टी लावली. खिडकीच्या ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढली, पण तिथली पाणी बाहेर जायची भोकं मात्र कशानेही बुजवू नका, नाहीतर पावसात पाणी घरात येतं.

डासांच्या जाळीकडे आमचं कधी लक्षच जात नाही. ती धूळ अडवते हे खरं, पण अडवलेली धूळ तिथेच बसून राहते आणि जोराचा वारा आला की आत झडते. जाळ्या काढून बाथरूममध्ये साबणाच्या पाण्याने धुतल्या, तेव्हा खाली वाहिलेलं पाणी सिमेंटच्या रंगाचं होतं. आता त्या महिन्यातून एकदा धुतो.

चपला दाराबाहेरच्या बंद रॅकमध्ये, बाहेर काथ्याचं पायपुसणं आणि आत सुती. सुती पायपुसणं आठवड्याला धुवायचं. बस, याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

बांधकामाशी बोलणं हाही याच कामाचा भाग होता. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीबद्दल सविस्तर नियम काढले. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट. इमारतीला सगळ्या बाजूंनी हिरवं कापड, गोणपाट किंवा ताडपत्री. राडारोडा हलवताना पाणी मारणं, ट्रक झाकून नेणं, बाहेर पडताना त्यांची चाकं धुणं. नियमांची प्रत काढून सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी साइटवरच्या इंजिनिअरला भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, एकेक मुद्दा दाखवत होतो. आमच्या बाजूचं हिरवं कापड फाटलेलं होतं, ते काही दिवसांत बदललं. राडारोडा भरताना पाणी मारणं सुरू झालं. चाकं धुण्याचं मात्र अजून धड होत नाही. रस्त्यावर सांडलेली माती वाळते आणि प्रत्येक रिक्षामागे उडते, त्यामुळे याचा पाठपुरावा सोडलेला नाही. लेखी पत्र द्यावं, पोच घ्यावी, फोटोवर तारीख असावी. तोंडी तक्रार हवेत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. झाडणं.

घरोघरी होतं तसं आमच्याकडेही कामाला येणाऱ्या मावशी आधी फर्निचर पुसायच्या, मग पंखा चालू ठेवून फूलझाडूने झाडायच्या, मग लादी पुसायच्या. एका दुपारी पडद्याच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि मावशी झाडत होत्या. त्या पट्ट्यात जे उडताना दिसलं ते बघून मी हिशेब शोधला. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) साधा कण दीड मीटर खाली यायला सुमारे आठ-नऊ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनचा कण घेतो सुमारे १२ तास. आणि पंखा चालू असेल तर हवा स्थिर नसतेच. म्हणजे कोरड्या झाडूने मोठा केर निघतो, पण बारीक धूळ उठते, आपल्या श्वासात जाते आणि आपण गेल्यावर नुकत्याच पुसलेल्या फर्निचरवर परत बसते.

मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, झाडल्याशिवाय लादी पुसली तर नुसता चिखल होईल." त्यांचं बरोबर होतं. खरखरीत कणी असताना थेट ओलं फडकं मारलं तर लादीवर रेघोट्या उठतात आणि कोपऱ्यांत गाळ साचतो. मग त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे गावाला अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडतात, धुरळा उठू नये म्हणून. इथे लादीवर पाणी नको, पण झाडूलाच ओलं फडकं बांधलं तर?" आम्ही तसंच केलं. घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं चपट्या मॉपला लावायचं आणि न उचलता, एकाच दिशेने ओढत न्यायचं. केर पुढे गोळा होतो, बारीक धूळ फडक्यात राहते. कोपऱ्यात फडकं उलटायचं, खोली झाली की धुवायचं. मग नेहमीसारखी लादी पुसायची. पंखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद. क्रम वरून खाली: आधी पंख्याची पाती, मग कपाटांचे माथे, मग टेबलं, शेवटी जमीन.

पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा उत्तम. तो ओलसर करून पात्यावर मोजासारखा चढवायचा आणि दाबून मागे ओढायचा. धूळ आतल्या आत राहते, पलंगावर पडत नाही. फडक्यांवर कंजुषी करू नये. एकाच फडक्याने तीन खोल्या पुसल्या की पहिल्या खोलीची धूळ तिसरीत नेऊन लावली जाते. आमच्याकडे आता प्रत्येक खोलीचं वेगळ्या रंगाचं फडकं आहे.

झाडूबद्दल मला आणखी एक गोष्ट फार वाटते. मावशी दिवसाला पाच-सहा घरं झाडतात. आपण ज्या धुळीची काळजी करतो ती सगळ्यात आधी त्यांच्या छातीत जाते. त्यांचा खोकला आम्ही सगळे बरीच वर्षं ऐकत होतो. आता आमच्याकडे त्या कोरडं झाडत नाहीत, आणि इमारतीतल्या आणखी दोन घरांनी त्यांच्या सांगण्यावरून मॉप आणला. माळे-जळमटं काढायच्या दिवशी चांगला मास्क त्यांना आधी, मग मला.

बेडरूमकडे वळलो तेव्हा सगळं गणित बदललं. माइट म्हणजे साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा जीव. तो चावत नाही. माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतो आणि पाणी पीत नाही, हवेतलं बाष्प शोषतो. त्यामुळे हवा दमट असेल तिथे तो वाढतो, आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर घटतो. मुंबईत हे शेवटचं जमणं कठीण. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेची. ते कण तुलनेने मोठे असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. पलंग झटकला, उशीवर डोकं टेकलं की उडतात आणि पुन्हा खाली बसतात. लेकीच्या शिंका सकाळीच का, याचं उत्तर इथे मिळालं: रात्रभर नाक उशीत.

याचमुळे आम्ही एअर प्युरिफायर सगळ्यात आधी घेतला नाही. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो हे खरं, पण पकडतो ते त्याच्यापर्यंत हवेतून पोचलेले. गादीत बसलेल्या धुळीला तो हात लावू शकत नाही. पुढे आईच्या खोलीसाठी एक घेतला, कारण तिचा त्रास बाहेरच्या बारीक कणांचा. घेताना खोलीचं आकारमान काढलं: १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे जवळपास ३० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळून निघायची तर तासाला १५० घनमीटरची क्षमता पुरते. दुकानदार याच्या तिप्पट क्षमतेचा दाखवत होता.

लेकीच्या खोलीत गादी-उशीचंच काम केलं. कापसाची जुनी उशी काढली. गादीची खोळ विरलेली होती, काळ्या कागदावरचे तंतू बरेचसे तिथलेच. कापूस पिंजून नव्या, दाट विणीच्या खोळीत भरून घेतला, आणि ते काम पिंजाऱ्याच्या जागी करवून घेतलं, गच्चीत नाही. वर चेन असलेलं, माइट आरपार जाऊ न देणारं कव्हर चढवलं, गादीला आणि उशीलाही. चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. आमच्या मशीनमध्ये पाणी तापवायची सोय आहे. नसेल तर बादलीत कढत पाणी घालून भिजवावं. थंड पाण्यात कपडे स्वच्छ होतात पण माइट मरत नाहीत. उन्हाचा उपयोग आहे, गादी सुकते आणि तापते, पण मेलेले माइट आणि त्यांची विष्ठा आतच राहते. म्हणून ऊन दिल्यावर व्हॅक्यूम फिरवायचा, आणि तोही हेपा फिल्टरचा, कारण साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीतच सोडतो.

लेकीचा कापडी हत्ती टाकायचा नव्हता. त्याला पिशवीत बांधून दीड दिवस फ्रीझरमध्ये ठेवला आणि मग धुतला. गोठवल्याने माइट मरतात, धुतल्याने त्यांचे अवशेष जातात. दोन्ही लागतं. बाकीची खेळणी बंद खोक्यात गेली, उघड्या पुस्तकांच्या फळ्यांना काच लावली, जाड पडदे जाऊन धुता येतील असे पातळ सुती आले. चादर खोलीत झटकायची नाही, आत दुमडून गुंडाळायची आणि थेट मशीनमध्ये. सकाळी पांघरूण लगेच पसरून पलंग झाकायचा नाही, गादीला तासभर वारा लागू द्यायचा. काही आठवड्यांत शिंका कमी झाल्या. थांबल्या नाहीत. डॉक्टरांचं औषध चालूच आहे, पण ते आता पूर्वीपेक्षा कमी लागतं.

स्वयंपाकघराचं सोपं. फोडणी आणि तळणाची वाफ वर जाऊन थंड होते, तिचा पातळ थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. चिकटा गेला की धूळ टिकत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाटांचे माथे पुसले (अ‍ॅल्युमिनियमला सोडा लावू नये, काळं पडतं) आणि आईच्या सांगण्यावरून वर जुने वर्तमानपत्र अंथरले. महिन्याने कागद गुंडाळून टाकायचा, नवा घालायचा. गॅस पेटवायच्या आधी एक्झॉस्ट लावायचा आणि स्वयंपाक झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवायचा.

धूप हा नाजूक विषय होता. आई रोज संध्याकाळी धूप घालायची आणि त्याचा धूर तिच्याच छातीला बाधत होता. मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "देवाला निरांजन चालतं गं, त्याला काय धूरच हवा असं थोडंच आहे?" सणावारी ती आता गॅलरीचं दार उघडून धूप घालते.

पावसाळा आला तसं हॉलमधलं काम हलकं झालं. बाहेरची माती भिजली, काळे कागद पुन्हा ठेवले तर हॉलचा जवळपास कोरा निघाला. पण बेडरूमचा कागद तेवढाच भरला. बाहेरची धूळ थांबते तेव्हाच दमट हवेत माइट वाढतात, त्यामुळे गादी-चादरींचा नेम पावसात सैल करून चालत नाही. लेकीच्या खोलीत रोज रात्री थोडा वेळ एसी 'ड्राय'वर लावतो, त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी धुतो, आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालत नाही.

आता पश्चिमेकडची इमारतही पुनर्विकासाला जाते आहे. पाडकाम सुरू झालं की दुपारचा वारा, जो आजवर आमच्या बाजूने होता, तोच धूळ आणेल, आणि खिडक्यांचं वेळापत्रक उलटं करावं लागेल. त्यामुळे या वेळी काम सुरू व्हायच्या आधीच सोसायटीच्या सभेत ठराव घेतला आहे. पत्रे आणि हिरवं कापड पहिल्या घावाआधी लागलं पाहिजे, पाडताना सतत पाणी मारलं पाहिजे, राडारोडा दुपारच्या वाऱ्यात भरायचा नाही, आणि ट्रकची चाकं धुण्याची जागा फाटकातच हवी. पत्राची एक प्रत बिल्डरला आणि एक महापालिकेच्या विभाग कार्यालयाला दिली आहे. दोन्हींची पोच सेक्रेटरींकडे फायलीत आहे.